विजेची गिटार : घरच्या घरी दोष शोधण्याची रीत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लिखित रूप)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांना सरावलेल्या या व्यासपीठावरून विजेच्या गिटारच्या तारजोडणीविषयी कोणी बोलावे, याचे काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. परंतु आपल्या गणेशोत्सवात पेटी-तबल्याच्या शेजारी आता गिटार येऊन बसली आहे आणि ती वाजविणारी मुले आपलीच आहेत. ही मुले नवे पिकअप मागवितात, एखाद्या रविवारी गिटार उघडतात आणि स्वतःच्या हाताने ते बसवितात. उद्योग स्तुत्यच आहे. मात्र संध्याकाळी गिटार मुकी होते किंवा नुसतीच घुमू लागते. मग मुलगा हिरमुसतो, वडील खर्चाचा हिशेब काढतात आणि वाद्य कपाटावर जाते. ते तेथे जाऊ नये, एवढ्यासाठी हे विवेचन.

प्रथम पिकअप म्हणजे काय ते पाहू. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते. ही वीज आवाजाच्या बटणातून जॅककडे, जॅकमधून केबलीने ॲम्प्लिफायरकडे जाते. जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी या तत्त्वावर केलेली, ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी गिटार १९३२ साली बाजारात आली. ती मांडीवर आडवी घेऊन वाजविण्याची हवाइयन गिटार होती. त्याच मांडीवरच्या गिटारवर पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी आपले राग वाजविले. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी अनेकांच्या संग्रही असेल. तेव्हा हे वाद्य आपल्याला अगदीच परके नाही.

दोष शोधण्याची रीत सरकारी कचेरीत हरवलेली फाइल शोधण्यासारखीच आहे. फाइल ज्या क्रमाने टेबलांवरून जाते, त्याच क्रमाने विचारपूस करावी. एकदम सगळी कपाटे उपसू नयेत. म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. नंतर त्याच ॲम्प्लिफायरला दुसरी गिटार लावून पाहावी. पुष्कळदा दोष केबलीत निघतो आणि गिटार निष्कारण उघडली जाते.

दुसरी पायरी मल्टिमीटरची. केबल गिटारला जोडावी, तिचे दुसरे टोक मोकळे ठेवावे आणि मीटर ओहमवर लावून त्या टोकाचा शेंडा व त्यामागची धातूची नळी यांना काड्या लावाव्यात. आवाजाचे बटण पूर्ण उघडे असावे. एका वेटोळ्याच्या पिकअपचा रोध साधारणपणे ६ ते ७ किलोओहम आणि दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा ७ ते ९ किलोओहम येतो. काही पिकअपांचा याहून बराच जास्त असतो, म्हणून बनविणाऱ्याने दिलेला आकडा जवळ ठेवावा. मीटर त्याहून किंचित कमी दाखविते, कारण आवाजाचे बटण पिकअपला समांतर असते. पिकअप ७ किलोओहमचा आणि बटण २५० किलोओहमचे असेल, तर आकडा ६.८ च्या आसपास येईल. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आकडा सुमारे निम्म्यावर यावा. बटण पूर्ण बंद केले की शून्य यावे.

आता अनुमान सोपे होते. बटण उघडे असूनही शून्य आले, तर जिवंत तार कोठेतरी जमिनीच्या तारेला, किंवा पोकळीत लावलेल्या पत्र्याला टेकली आहे. पिकअपच्या आकड्याऐवजी केवळ बटणाचा २५० वा ५०० चा आकडा आला, तर पिकअपची वाट मध्येच तुटली आहे. डाख सुटला असेल किंवा आतली बारीक तार तुटली असेल. काहीच आकडा आला नाही, तर जॅककडे पाहावे. दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा आकडा निम्माच आला, तर एकच वेटोळे काम करीत आहे.

डाखाविषयी दोन शब्द सांगतो. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात, तो घरगुती जोडणीतील नेहमीचा दोष. चांगला डाख चकचकीत असतो आणि धातूवर पसरलेला दिसतो. कच्चा डाख निस्तेज दिसतो आणि गोळीसारखा नुसता चिकटलेला असतो. बटणाची पाठ जाड असल्याने ती लवकर तापत नाही. ती आधी घासून स्वच्छ करावी, पुरेसा ताप द्यावा, आणि तारेला हिसका देऊन जोड पाहावा. राळ असलेलेच सोल्डर वापरावे; आम्लाचा लेप कालांतराने तार खातो.

मीटरचे आकडे बरोबर आले, तरी आवाज बरोबर येईलच असे नाही. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला, तर दोघांची वीज परस्परांच्या विरुद्ध वाहत आहे असे समजावे. हे पारखण्याची एक सुरेख युक्ती आहे. मीटर वरीलप्रमाणेच लावून एकच पिकअप निवडावा, त्याच्या चुंबकावर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवावा आणि झटकन उचलावा. काटा क्षणभर एका बाजूला झुकेल. हेच दुसऱ्या पिकअपवर करावे. काटे विरुद्ध दिशांना झुकले, तर एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मात्र ज्या पिकअपची एक तार त्याच्या धातूच्या आवरणाला जोडलेली असते, तेथे ही अदलाबदल तशीच करू नये. आवरण जिवंत होऊन घरघर वाढते.

चार तारांच्या पिकअपमध्ये आणखी एक खोच आहे : रंगांचा अर्थ प्रत्येक कारखान्याचा वेगळा. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार जिवंत, पांढरी व लाल एकत्र, हिरवी व उघडी जमिनीला. डिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल तार जिवंत, काळी व पांढरी एकत्र, हिरवी व उघडी जमिनीला. पहिल्याचा तक्ता पाहून दुसरा पिकअप जोडला, तर एक वेटोळे उलटे लागते. रोधाचा आकडा अगदी बिनचूक येतो, पण आवाज क्षीण होतो आणि घरघर मात्र टिकते. वास्तविक सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ मध्ये सिद्ध केलेली दोन वेटोळ्यांची ही रचना घरघर खोडून काढण्यासाठीच होती.

आता घरघरीकडे येऊ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. तिचा आणि तिच्या दुपटीचा सूर घरातल्या प्रत्येक तारेभोवती असतो. गिटार घेऊन जागच्या जागी वळावे. दिशेप्रमाणे घरघर कमीजास्त झाली, तर ती बाहेरून, पंख्याच्या रेग्युलेटरकडून वा ट्यूबलाइटच्या चोककडून येत आहे. एका वेटोळ्याच्या पिकअपचा तो स्वभावच आहे. त्याला जोडणीचा दोष म्हणू नये.

दुसरी परीक्षा तारांना हात लावून करावयाची असते. परंतु ती सांगण्यापूर्वी आज मी ज्यासाठी मुख्यतः उभा आहे ते सांगतो. गिटारच्या तारा पुलाखालच्या वायरीने जमिनीच्या तारेला, तेथून केबलीने ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग नसेल आणि आत बिघाड होऊन सांगाड्यात २३० व्होल्टची वीज उतरली, तर ती थेट वाजविणाऱ्याच्या बोटांत येते. त्याच वेळी त्याचे ओठ दुसऱ्या यंत्राला जोडलेल्या मायक्रोफोनला लागले, तर मंडल पूर्ण होते आणि वीज छातीतून जाते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे, नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन, रंगमंचावरच मरण पावला.

आपल्याकडे उत्सव येतो भाद्रपदात. मांडवाखालची जमीन ओली असते, वायरी चिखलातून गेलेल्या असतात आणि दोन भोकांच्या सॉकेटात प्लग बसावा म्हणून कोणीतरी अर्थची जाड पिन कापून टाकलेली असते. घरघर थांबते म्हणूनही काही जण ती पिन काढतात. ती पिन म्हणजे मुलाच्या जिवाची राखण आहे. ती कोणत्याही कारणाने कापू नये. दोनच तारांची वायर असलेला जुना ॲम्प्लिफायर जाणत्या मिस्त्रीकडून तीन तारांचा करून घ्यावा. स्वतः मात्र तो उघडू नये. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतात.

अर्थिंगची खात्री झाली असेल तरच पुढची परीक्षा करावी. तारांना हात लावताच घरघर कमी झाली, तर जमिनीची तार ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूला हात लावल्यावर ती कमी झाली, तर पुलाखालची वायर सुटली आहे. हात लावताच घरघर वाढली, तर जॅकवरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत. आणि बोटांना किंचितही झिणझिणी आली, तर परीक्षा तेथेच थांबवून भिंतीवरचे बटण बंद करावे व मिस्त्रीला बोलवावे.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी दोनच मागणी आहेत. कार्यालयात एक साधे मल्टिमीटर ठेवावे आणि मुलांना ते मोकळेपणी वापरू द्यावे. दुसरे, रंगमंचाची वीज ज्या फळ्यावरून येते, त्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवावा, रंगमंचावरील सर्व यंत्रे त्याच फळ्यावरून चालवावीत आणि प्रतिष्ठापनेपूर्वी मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उत्सवाच्या खर्चात ही रक्कम फार मोठी नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मुलांनी मंडळात यावे, असे आपण म्हणतो. ती आपले वाद्य घेऊनच येणार. ते वाद्य सुस्वर असावे आणि ते वाजविणारे हात सुरक्षित असावेत, हे पाहणे आपले काम आहे.