पांढरी माशी व पिकांची बचावशक्ती

कपाशीच्या पानास अळीने छिद्र पाडले की ते वाटेने जाणाऱ्यासही दिसते. पांढऱ्या माशीचे तसे नाही. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा कीटक पानाच्या मागील बाजूस बसून रस शोषीत असतो. त्याची पिल्ले तर एकदा सोंड रुतवून बसली म्हणजे माशी होईपर्यंत सहसा जागची हलत नाहीत. पान वरून हिरवेगारच दिसते. पुढे ते पिवळे पडू लागते, माशीने टाकलेल्या गोड चिकट द्रवावर काजळीसारखी बुरशी धरते, आणि तेव्हा कोठे शेतकऱ्याच्या ध्यानी ही गोष्ट येते. पंजाबात २०१५ साली ह्या माशीने कपाशीची अशी काही धूळधाण केली की, फवारण्यांवर फवारण्या करूनही कित्येकांच्या हाती पऱ्हाट्यांखेरीज फारसे काही उरले नाही. बीटी कपाशी तेथे सर्रास होती. पण तिचा उपयोग बोंडअळीपुरता. रस शोषणाऱ्या किडीस तिचा काहीच धाक नाही.

वनस्पती मुकी खरी, परंतु ती अगदीच असहाय असते असे मात्र समजू नये. तिच्यापाशी बचावाचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला जॅस्मोनिक आम्लाचा. ह्या आम्लाचे एक संयुग १९६२ साली चमेलीच्या तेलातून वेगळे काढण्यात आले, म्हणून हे नाव पडले. अळीने पान कुरतडले म्हणजे हे आम्ल वाढते व पानात कीटकांस बाधणारी द्रव्ये तयार होऊ लागतात. दुसरा मार्ग सॅलिसिलिक आम्लाचा. तो विशेषेकरून जिवंत पेशींवर पोसणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध कामी येतो. मौज, किंबहुना अनर्थ, असा की एक मार्ग जोराने सुरू झाला म्हणजे दुसरा पुष्कळदा मंदावतो.

माशी नेमका ह्याच उणिवेचा लाभ उठविते. तिची सोंड पेशी फोडीत जात नाही. पेशींमधील फटींतून वाट काढीत ती अन्नरस वाहणाऱ्या नलिकेपर्यंत पोहोचते. त्यामुळे पान कुरतडले गेल्याची वर्दी झाडास फारशी लागतच नाही. उलट तिच्या लाळेतील काही प्रथिने सॅलिसिलिक मार्गास चेतवितात. रोग आला अशा समजुतीने झाड त्या बंदोबस्तास लागते, आणि कीटकाविरुद्धचा मार्ग दबून जातो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००७ साली मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपावर हे दाखवून दिले. ज्या रोपांत जॅस्मोनिक मार्ग मुळातच जोरकस होता त्यांवर पिल्लांची वाढ रखडली. ज्यांत तो लुळा होता त्यांवर ती झपाट्याने झाली.

ही फसगत एका झाडापुरती राहती तरी बरे होते! टोमॅटोवरील प्रयोगांत २०१९ साली असे आढळले की, माशी लागलेले रोप हवेत काही गंधद्रव्ये सोडते, आणि ती ग्रहण करणारे शेजारचे निरोगी रोपही आधीपासूनच रोगाच्या तयारीस लागते. मग माशी तेथे आली म्हणजे तिच्या पिल्लांचे चांगलेच फावते. शेजाऱ्याने सावध करावे, तर तोच चुकीची दवंडी पिटतो!

याहून नवल वाटण्याजोगी गोष्ट चिनी संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. वनस्पती फेनॉल जातीची जी विषे स्वसंरक्षणार्थ बनवितात ती निष्प्रभ करणारे एक जनुक माशीच्या अंगी सापडले, आणि ते मूळचे वनस्पतीचेच निघाले. कोणे एके काळी घरचीच किल्ली चोराच्या हाती गेली म्हणावयाची. टोमॅटोच्या रोपात फेरफार करून, रस पिणाऱ्या माशीतील ते जनुक बंद पडेल अशी योजना केली, तेव्हा त्यावरील जवळजवळ सर्व माश्या मेल्या.

परंतु ही झाली प्रयोगशाळेतील गोष्ट. झाडाचीच वर्दी चुकते तेथे शेतात भरवसा डोळ्यांचा. पंजाब कृषी विद्यापीठाचा सल्ला असा की, माश्या फारशा उडत नाहीत अशा वेळी, म्हणजे सकाळी दहाच्या आत, झाडाच्या शेंड्याकडील पाने हळूच उलटून पाहावीत. पानामागे सरासरी सहा माश्या भरल्या म्हणजे मगच फवारणी हाती घ्यावी.