मुक्तिबोध आणि परसाई

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर आणि जॉर्ज सँड यांचा पत्रव्यवहार 1863 पासून 1876 पर्यंत, म्हणजे सँडबाईंच्या मृत्यूपर्यंत चालू होता. दोघांच्या वयात सतरा वर्षांचे अंतर होते. मतांतील अंतर त्याहून मोठे. लेखकाने आपल्या कृतीत कोठेही दिसू नये, हा फ्लोबेरचा आग्रह. अंतःकरण झाकून लिहिणे सँडबाईंना मुळीच मान्य नव्हते. पत्रे मात्र थांबली नाहीत. पुढे फ्लोबेरने त्यांच्यासाठी म्हणून एका मोलकरणीची कथा लिहावयास घेतली. ती पुरी होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

हिंदी साहित्यात अशा स्नेहाचा शोध घेऊ लागले की पावले जबलपूरकडे वळतात. तेथील नेपियर टाउन या वस्तीत हरिशंकर परसाई राहत असत. त्यांचे मित्र गजानन माधव मुक्तिबोध हे जन्माने मराठी. त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 रोजी श्योपूर येथे झाला. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता व कादंबऱ्या लिहीत राहिले. थोरल्या भावाने हिंदी पत्करली. एकाच घराने दोन भाषांना दोन कवी द्यावेत, ही घटना मराठी वाचकाने विसरू नये अशी आहे.

परसाई व्यंग्यकार होते. त्यांचे वाक्य छोटे आणि घाव नेमका. मुक्तिबोधांची कविता दीर्घ, भुयारांतून आणि काळोख्या जिन्यांवरून वाट काढणारी. तिला शेवट म्हणून सापडत नसे. वर्षानुवर्षे तीच कविता ते पुन्हा पुन्हा लिहीत. अशा लेखकाला स्तुतीपेक्षा तगाद्याची गरज अधिक असते, आणि मासिकाची तारीख हा एक तगादाच असतो. 1956 मध्ये परसाईंनी जबलपूरहून 'वसुधा' सुरू केले. पुढल्याच वर्षी शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी केवळ लेखणीवर जगण्याचे ठरविले. मुक्तिबोध त्या सुमारास नागपूरला 'नया खून' या साप्ताहिकात होते. 'वसुधा'च्या पानांतून त्यांची 'एक साहित्यिक की डायरी' क्रमशः येऊ लागली.

नावाने ती रोजनिशी असली तरी तिच्यातील पुष्कळसा भाग संवादाचा आहे. 'तीसरा क्षण' या लेखात केशव नावाचा मित्र येतो, वाद घालतो, कधी ऐकून गप्प राहतो. जीवनातील उत्कट अनुभव हा कलेचा पहिला क्षण. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्र बनतो तो दुसरा. आणि त्या चित्राला शब्द मिळू लागतात तो तिसरा. हिंदी समीक्षेत पुढे दृढ झालेला हा विचार मित्राशी चाललेल्या बोलण्याच्या ओघात मांडला गेला. समोर ऐकणारा कोणी असल्यावाचून मुक्तिबोधांचे चिंतन जणू पुढे सरकत नसे.

त्यांची पत्रेही याचीच साक्ष देतात. शुजालपूरच्या दिवसांपासूनचे स्नेही नेमिचंद्र जैन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1984 मध्ये 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने प्रसिद्ध झाला. तत्त्वचर्चेच्या शेजारी पैशांची ओढाताण, नोकरीची विवंचना असे सारे त्यात आहे.

1958 मध्ये मुक्तिबोध राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवू लागले. 'वसुधा' त्याच वर्षी बंद पडले. 1962 मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा आघात त्यांच्या मनात खोल रुतला. फेब्रुवारी 1964 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातून, लेखकमित्रांच्या धडपडीमुळे, त्यांना दिल्लीला हलविण्यात आले. 11 सप्टेंबर 1964 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह छापून आला तो पाहावयास ते नव्हते.

परसाईंनी त्यांच्यावर आठवणीपर लेख लिहिला. भोपाळच्या त्या रुग्णालयातील तडफडीपासूनच तो सुरू होतो. व्यंग्यकाराने मित्राचे देव्हाऱ्यातले चित्र काढलेले नाही. मुक्तिबोधांची अस्वस्थता, त्यांचा हट्टी स्वाभिमान, पैशांची कायमची चणचण, काहीच त्यात लपविलेले नाही. 1980 मध्ये नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली मुक्तिबोधांचे समग्र लेखन सहा खंडांत निघाले. परसाई पुढे पायाच्या दुखण्याने घरात अडकून पडले, तरी लिहीत राहिले. जबलपूर न सोडता 1995 मध्ये ते निवर्तले.