पुलाचे आयुष्य आणि अंदाजपत्रक



मोठ्या पुलांची आखणी व बांधणी या विषयावर अभियंते आणि कंत्राटदार यांच्या परिषदा नित्य भरतात. तेथील ज्ञानाचा अनादर करण्याचे कारण नाही. समुद्रावरून जाणारा, एकूण 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू 2024 मध्ये खुला झाला, तो याच ज्ञानाच्या बळावर. परंतु सातारा-सांगलीच्या जनतेचा प्रश्न उद्घाटनानंतर सुरू होतो.

सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा. कृष्णेला पूर आला की अवघे शहर 'आयर्विनला किती फूट?' असेच विचारते. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. बैलगाड्यांच्या काळातील या बांधकामाने संस्थान गेलेले पाहिले, साखर कारखाने आलेले पाहिले. गळिताच्या हंगामात या दोन जिल्ह्यांतील लहानमोठ्या पुलांवरून उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. त्या भाराची गणना जुन्या आराखड्यांत कोठून असणार? शिवाय पुरात पूल वरून क्वचितच खचतो. प्रवाह पायाखालची माती-वाळू खरवडून नेतो आणि वर काही दिसत नाही. नदीतील वाळूउपशाने हे काम अधिक सोपे होते.

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या सावित्रीवरील महाडचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही. तेथे नवा पूल अवघ्या 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे पैसा होता, यंत्रसामग्री होती, तत्परताही होती. परंतु ती माणसे बुडाल्यानंतर जागी झाली.

याचे कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. नवा पूल भांडवली खर्चात येतो, त्याला कोनशिला असते. पायाची पाणबुड्यांकडून तपासणी, बेअरिंग बदलणे, सांधे दुरुस्त करणे हा महसुली खर्च. तूट दिसू लागली की पहिली कात्री त्यालाच लागते. कंत्राटदारालाही त्यात रस नाही.

वस्तुतः उपाय जुनाच आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1929 मध्ये, म्हणजे आयर्विन पुलाच्याच वर्षी, पेट्रोलवरील जादा कराचा मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. आज ट्रॅक्टरच्या डिझेलवर शेतकरी रस्ते व पायाभूत सुविधा उपकर भरतोच. मात्र उपकर राज्यांशी वाटून घ्यावयाच्या करांत धरला जात नाही. (संघराज्याचे गोडवे गाणाऱ्यांनी याचा खुलासा एकदा करावा.) या उपकरातील ठराविक हिस्सा केवळ जुन्या पुलांच्या दुरुस्तीसाठी जिल्ह्याला मिळालाच पाहिजे.

कोयना धरणामुळे तुटलेल्या गावांसाठी तापोळ्याजवळ शिवसागरावर केबलचा मोठा पूल शासनाने हाती घेतला. लाँचवर विसंबून पिढ्या काढलेल्या त्या लोकांचा तो हक्कच आहे. पण केबलच्या देखभालीचा पुढील पन्नास वर्षांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली धरला आहे, हे कार्यकर्त्यांनी बांधकाम खात्याला लेखी विचारावे. तसेच प्रत्येक पुलाच्या पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या तपासणीचा अहवाल मराठीत, त्या त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवण्याची मागणी येत्या हंगामाआधी दोन्ही जिल्ह्यांतून गेली पाहिजे.