परदेशातील पत



लोधीखेड्यात दुकानदार आमच्या वडिलांना ओळखतो, म्हणून आम्हांस उधार देतो. परदेशात ही ओळख चालत नाही; तेथे पगाराचा कागद हीच पत. सिंगापूरमध्ये ५५ वर्षांखालील माणसास क्रेडिट कार्डासाठी साधारणतः वर्षाला किमान ३०,००० सिंगापूर डॉलर मिळकत लागते. परदेशी नागरिकास बँका बहुधा अधिक मागतात. कमी पगाराचा कामगार येथेच अडतो. मुदत ठेव तारण ठेवून काही बँका कार्ड देतात, पण ती रक्कम अडकून पडते. थकबाकीवर व्याज वर्षाला शेकडा २५ हून अधिक. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगतो: स्वतःच्या खात्यातून पैसे जाणारे डेबिट कार्ड पुरे. क्रेडिट कार्ड नाकारले, तर कमीपणा मानू नका. कर्ज झाले, तर घरी पाठवायचा पैसाच आधी तुटतो.