कात्रजची एक सहल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत राज्यकारभार, अर्थकारण, धर्म, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी बोलावे, अशी जुनी वहिवाट आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती. एका रविवारी आम्ही घरची पाच माणसे कात्रजचे प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलो आणि तिसऱ्या प्रहरी परत आलो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषय कळवताना आम्ही नुसते ‘सहल’ असे म्हटले होते. “कोठली? हिमालयातली का?” असा प्रश्न आला. “कात्रजची,” असे सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ आम्ही समजू शकतो. पुणेकराला कात्रज हे पाहण्याचे ठिकाण वाटत नाही. साताऱ्याला जाताना मागे टाकण्याचे ठिकाण वाटते.

सहलीचे मूळ कारण आमची धाकटी कन्या. तिला वाघ पाहावयाचा होता. थोरल्या चिरंजीवांना वाघ पाहण्याचे वय उलटून गेले असे वाटत होते; पण सर्पोद्यान आहे हे कळताच तेही निघाले. खरा प्रश्न आमच्या वडिलांचा होता. अण्णांचे वय त्र्याऐंशी. गुडघे दुखतात. “तुम्ही घरीच विश्रांती घ्या,” असे आम्ही म्हणालो, तर ते काठी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, “वाघ तुम्ही बघा. मला तळं बघायचंय.”

आमच्या पिढीला प्राणी पाहावयास कात्रजला जावे लागत नव्हते. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क होते. १९५३ साली ते सुरू झाले आणि १९५६ पासून तेथे फुलराणी धावू लागली. या सभागृहात केस पिकलेली जी मंडळी बसली आहेत, त्यांतील निम्मी तरी त्या फुलराणीत बसून, बोगद्यातून जाताना मोठ्याने ओरडली असतील. पिंजरे लहान होते, प्राणी कोंदटलेले होते; पण ते आम्हांस तेव्हा कळत नव्हते. पुढे कात्रजला १३० एकरांत नवे उद्यान उभे राहिले, १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, आणि पेशवे पार्कातील जनावरे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली. त्याआधीच, १९८६ मध्ये, तेथे सर्पोद्यान सुरू झाले होते. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास काढले, ही हकीकत आम्ही बसमध्ये चिरंजीवांना सांगितली. “झोपले कसे?” एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पुण्याला जनावरे पाळण्याची हौस मात्र त्याहून फार जुनी आहे. सवाई माधवरावांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशीच शिकारखाना होता. त्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली काढले आणि ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगारामच्या हातात कातडीच्या घड्या काढण्याची विलक्षण सचोटी होती. गेंडा कसा असावा याची कल्पना न करता गेंडा कसा आहे हे त्याने पाहिले.

तर आम्ही पोहोचलो. उद्यानात विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत. अण्णांची सोय झाली. वाघ दिसला. तो सावलीत आडवा पडला होता आणि त्याने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. कन्येने अर्धा तास त्याची शेपटी हलण्याची वाट पाहिली, ती एकदा हलली, आणि तिच्या दृष्टीने तिकिटाचे पैसे वसूल झाले. खंदकापलीकडे झाडीत मोकळा फिरणारा प्राणी दिसतोच असे नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी “इथे काहीच दिसत नाही हो” अशी तक्रार केली. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “त्यालाही आपण दिसू नये असं वाटत असेल.”

हे सर्व पाहण्यात दीड तास गेला. अण्णा मात्र दर दहा मिनिटांनी विचारत होते, “तळं कुठं आहे?”

आता येथे थोडे थांबावयास हवे. हे तळे सुमारे ४२ एकरांचे आहे. उद्यानात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतात. आम्हीही मागे दोनदा तसेच केले होते. डोंगरातून येणारा ओढा नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास येथे अडवला. एकाखाली एक अशी दोन तळी केली. वरच्या तळ्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात यावे, अशी ती योजना. उद्यानात आहे ते खालचे तळे. येथून दगडी बांधणीचा, वरून झाकलेला नळ शहरापर्यंत नेला. ‘नळ’ म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे लोखंडाची नळी येते. हा नळ म्हणजे माणसाने आत उतरून गाळ काढावा एवढे मोठे भुयारच होते. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. उच्छ्वास म्हणजे जमिनीवर दिसणारे दगडी बुरूजवजा तोंड. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा जोर सौम्य होई आणि तळच्या खड्ड्यात गाळ साचे. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि शनिवारवाडा सखल भागात, एवढ्याच भांडवलावर आठ किलोमीटरांहून अधिक पाणी चालत आले. त्यावर वाड्यातील कारंजी उडाली आणि पेठांतील हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी. चौकांना ही नावे आहेत; सात तोट्या कोणत्या, हे आता रिक्षावाल्याला विचारण्यात अर्थ नाही.

अण्णांचे बालपण सदाशिव पेठेतील वाड्यात गेले. वाड्याच्या चौकात हौद होता आणि त्यात कात्रजचे पाणी येई. हौदात मासे सोडलेले असत. त्यांना कोणी मारावयाचे नाही असा दंडक. पिण्याला नळकोंडाळ्याचे पाणी आणि धुण्याभांड्याला, झाडांना हौदाचे, अशी वाटणी त्यांच्या लहानपणीच झाली होती. म्हणून घरात हौदाची किंमत उतरली होती. एका वर्षी मात्र ती एकदम वाढली. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही गेले. नदीकाठच्या पेठांत काय झाले ते या सभेत आम्ही सांगावयास नको. पूर ओसरला, तेव्हा नळाला पाणीच नव्हते, कारण ज्या धरणातून ते यावयाचे ते धरणच उरले नव्हते. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे. वाड्याच्या दारात घागरी घेऊन माणसे उभी राहिली. ओळखीची, बिनओळखीची. अण्णा आणि त्यांचे थोरले बंधू पाणी काढून देत. पाणी उकळून गाळून प्यावयाचे. “हात सोलपटले होते,” असे अण्णा सांगतात. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्या तळ्याचे पाणी त्यांनी उपसले ते तळे त्यांनी आयुष्यात पाहिलेच नव्हते, ही गोष्ट आम्हांस त्या रविवारी प्रथम कळली. कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आयर्लंडमध्ये वेक्सफर्डजवळ फेरीकॅरिग येथे १९८७ मध्ये एक राष्ट्रीय वारसा उद्यान उघडले. तेथे अश्मयुगातील वस्ती, गोल तटबंदीची घरे, तळ्यातील बेटावरचे घर, हे सारे दलदलीच्या आणि झाडीच्या प्रदेशात पुन्हा उभारलेले आहे. घरचे लोक मुलांना घेऊन दिवसभर हिंडतात आणि नऊ हजार वर्षांची माहिती घेऊन परततात. आम्हांस त्या लोकांचे कौतुक वाटते. जे मोडले होते ते त्यांनी नव्याने बांधून दाखवले. कात्रजला काही बांधावयाचे नाही. धरणाची भिंत आहे, पाणी आहे, ओढा आहे. तेथपर्यंत मुलाचा हात धरून चालत जावयाचे आणि हे काय आहे ते सांगावयाचे, एवढेच काम उरते. आणि आम्ही स्वतः दोनदा येऊनही ते केले नव्हते.

काठावर आलो तेव्हा ऊन चढले होते. कडेला जलपर्णी पसरली होती. बगळे होते, एक खंड्या होता. अण्णा गाडीतून उतरले, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “केवढं आहे. मला वाटायचं विहिरीएवढं असेल.”

कन्येने विचारले, “आजोबा, हे पाणी आता कुठं जातं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. परंतु ते या तळ्याशी कोणी जोडले नव्हते. येथून निघणारा ओढा म्हणजे आंबिल ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज भागात तुफान पाऊस झाला, तळे भरून वाहू लागले आणि आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत शिरून माणसे नेली. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी ही नावे त्या रात्रीनंतर सर्वांच्या तोंडी आली. आमच्या घरी स्वयंपाकास येणाऱ्या बाई ओढ्याकाठी राहत. भिंत पडण्यापूर्वी मुलांना घेऊन त्या माळ्यावर चढल्या, म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या फक्त नेसत्या वस्त्रानिशी. आमच्या सौभाग्यवतींनी कन्येला हे सांगितले; फार सौम्य करून सांगितले. तरी ती पाण्याकडे पाहतच राहिली.

चिरंजीवांनी खिशातून फोन काढून नकाशा उघडला आणि ओढ्याची निळी रेघ बोटाने खाली खाली नेली. ती पर्वतीजवळ आली. तेव्हा अण्णांनी सांगितले की, पर्वतीखालचे तळे, ज्यात सारसबागेचा गणपती बेटावर होता, तेही नानासाहेबांनी याच ओढ्याला बांध घालून केलेले. ओढ्याचा प्रवाहही त्या काळी शहराबाहेरून मुठेकडे वळवला. तळे पुढे आटले, आणि त्या जागेत आले पेशवे पार्क! म्हणजे आमच्या लहानपणचा वाघ ओढ्याच्या खालच्या अंगाला होता आणि कन्येचा वाघ त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. इतकी वर्षे पुण्यात काढून ही साधी गोष्ट आम्हांस एका बारा वर्षांच्या मुलाच्या बोटामुळे कळली. आपणांपैकी अनेकांना ती आधीपासून ठाऊक असेल. त्यांनी आम्हांस हसावे.

बाहेर येऊन झाडाखाली डबा सोडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सौभाग्यवतींनी कोणास न सांगता करून आणलेल्या गुळाच्या पोळ्या. परतताना बसमध्ये दोन्ही मुले एका बाजूच्या खिडक्यांना नाक लावून उच्छ्वास दिसतो का ते शोधत होती. दर दगडी खांब दिसला की ओरडत होती. एकही उच्छ्वास नव्हता. एक विजेच्या खोलीचा कोपरा होता, एक कोणा संस्थेची कमान होती. अण्णा झोपले होते.

आपणांस एकच विनंती. घरात सत्तरीच्या पुढचे पुणेकर असतील तर त्यांना बरोबर न्यावे, सकाळी लवकर निघावे, आणि वाघाच्या आधी तळे पाहावे. वाघ दुपारी झोपतो, पण सकाळीही झोपतोच. बुधवारी मात्र जाऊ नये. त्या दिवशी उद्यान बंद असते.