कलमाचा डोळा आणि संत्र्याचे रोग

हिंवाळ्यांत टोपलीभर संत्रीं घरीं येतात, तेव्हां त्यांच्या झाडालाहि दुखणीं असतात हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माणसाला ताप आला म्हणजे वैद्य औषध देतो. परंतु बागेंतील झाड एकदां विषाणूनें ग्रासलें, म्हणजे त्याला बरें करणारें औषध नाहीं. मग अशा रोगाला आवरावें कसें? या प्रश्नाचें उत्तर ब्राझील देशानें मोठी किंमत देऊन मिळविलें.

तेथें मोसंबीचा डोळा आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधीत. नारिंगाचीं मुळें डिंक्या रोगाला दाद देत नसत, म्हणून हा खुंट सर्वांना प्रिय होता. १९३७ च्या सुमारास साओ पाउलो प्रांतांतील बागा सुकूं लागल्या. पानें पिवळीं पडत, डाहळ्या शेंड्याकडून वाळत. लक्षावधि झाडें उभ्याउभ्या मेलीं. या रोगाला ‘त्रिस्तेझा’, म्हणजे विषाद, असें नांव पडलें.

नवल असें कीं, नुसती मोसंबी सहसा मरत नसे, नुसतें नारिंगहि मरत नसे. दोहोंचें कलम मात्र मरे. १९४६ सालीं मेनेघिनी यांनीं दाखविलें कीं, मावा हा बारीक किडा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो, तेव्हां रोगहि बरोबर नेतो. विषाणूमुळें कलमाच्या सांध्याखालील नारिंगाच्या अन्नवाहिन्या मरतात. पानांनीं केलेलें अन्न खालीं उतरत नाहीं आणि मुळें उपाशी राहतात.

कारण कळतांच उपाय सुचला: खुंट बदलावा. ब्राझीलनें रंगपूर लिंबाचा खुंट पत्करला. पुढें कोस्ता आणि म्युलर यांनीं सौम्य विषाणु मुद्दाम कलमांत घातला. सौम्यानें घर व्यापलें, म्हणजे उग्राला थारा मिळत नाहीं. येथें देवीच्या लसीची आठवण होते.

परंतु सर्वच रोग खुंट बदलून टळत नाहींत. ‘ग्रीनिंग’ हा जिवाणूचा रोग कोणत्याहि खुंटावरील झाडाला जडतो. तो सायला नांवाच्या किड्यामार्फत पसरतो, हें कपूर, राव आणि विश्वनाथ यांनीं भारतांत १९६७ सालीं सिद्ध केलें. तो ब्राझीलमध्यें २००४ सालीं आणि फ्लॉरिडांत २००५ सालीं आढळला. त्याविरुद्ध तीन गोष्टी कराव्या लागतात: किडा आवरणें, रोगट झाड उपटणें आणि निरोगी रोप लावणें.

निरोगी रोप तरी आणावें कोठून? १९७५ सालीं नवारो, रॉइस्टाकर आणि मुराशिगे यांनीं त्याची वाट दाखविली. कोंवळ्या शेंड्याचें टोक, मिलिमीटरच्या दशांशाएवढें, बहुधा रोगमुक्त असतें. तें कांचेच्या नळींतील इवल्या रोपावर बांधावें, वाढल्यावर तपासावें, आणि त्याच मातृवृक्षाचे डोळे वापरावे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंतहि या रीतीनें रोगमुक्त रोपें तयार होतात.

विदर्भांतील शेतकऱ्याला याचें मोल फार आहे. पन्हेरींत निरोगी आणि रोगी रोप सारखेंच हिरवें दिसतें. फळ धरावयास चार-पांच वर्षें जातात. चूक उमगते ती त्यानंतर, कर्ज आणि कष्ट मातींत गेल्यावर. म्हणून रोप घेतांना पानांच्या तजेल्यावर भुलूं नये. डोळा कोणत्या झाडाचा आणि खुंट कोणता, हें आधीं विचारावें.