चेंडू हलला तेव्हा



बंगळुरूच्या बेळ्ळंदूर परिसरात नोकरीव्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथील विस्तीर्ण तलावापासून फार दूर नसलेल्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर अदिती अशोक लहानपणी खेळू लागली आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये तिने चौथे स्थान मिळवले. पदक एका फटक्याने हुकले. जेथे एका फटक्याला एवढे मोल आहे, तेथे स्वतःच्या नावावर आपण होऊन एक फटका वाढवून घेणे म्हणजे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

स्थिर असलेल्या चेंडूजवळ खेळाडू फटक्याच्या तयारीने उभा राहतो आणि तेवढ्यात चेंडू हलतो. अशा वेळी गोल्फचा नियम पहिला प्रश्न विचारतो तो कारणाचा. खेळाडूमुळे चेंडू हलला असेल, तर एका फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी परत. वाऱ्याने, पाण्याने किंवा उतारामुळे हलला असेल, तर दंड नाही. तो जेथे जाऊन थांबला तेथूनच पुढचा फटका. कुत्र्याने, कावळ्याने किंवा प्रेक्षकाने हलवला असेल, तरीही दंड नाही. मात्र चेंडू पूर्वीच्या जागी ठेवावयाचा. चेंडू नुसता डगमगला आणि जागीच स्थिरावला, तर तो हलला असे मानीत नाहीत.

कारणच संदिग्ध असेल तर? २०१९ च्या नियमावलीनुसार, खेळाडूमुळे चेंडू हलल्याचे निश्चित असावे, किंवा ती शक्यता निदान ९५ टक्के असावी; एरवी तो निसर्गाने हलला असे धरले जाते. संशयाचा फायदा खेळाडूला मिळतो. पण तो घेताना त्याने आपल्या मनाला विचारलेले असावे, ही अपेक्षा कायम राहते.

ही अपेक्षा पोकळ नाही. १९२५ साली वूस्टर येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू उंच गवतात होता. त्यांच्या काठीचा गवताला स्पर्श झाला आणि चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. जोन्स यांनी स्वतः ते सांगितले आणि दंड मागून घेतला. अखेरीस त्यांची आणि विली मॅकफार्लेन यांची फटक्यांची संख्या सारखीच, २९१, भरली. निर्णायक फेऱ्यांत जोन्स पराभूत झाले. तो एक फटका त्यांनी लपवला असता, तर विजेतेपद त्यांचेच होते. या वागण्याची कोणी स्तुती केलेली त्यांना रुचत नसे. ते त्यांना साधे कर्तव्य वाटे.

मात्र नियमही दर वेळी निर्दोष असतो असे नाही. २०१६ साली ओकमाँट येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, पाचव्या होलच्या हिरवळीवर डस्टिन जॉन्सन यांचा चेंडू हलला. आपल्यामुळे तो हलला नाही, असे त्यांनी जागेवरच सांगितले आणि पंचाने ते मान्य केले. परंतु बाराव्या होलपाशी त्यांना कळवण्यात आले की या घटनेचा फेरविचार होईल. आपली नेमकी धावसंख्या काय, हे ठाऊक नसतानाच त्यांनी उरलेला खेळ पूर्ण केला. शेवटी दंड लागला. तरीही ते तीन फटक्यांनी विजयी झाले. या प्रकरणावर टीकेचे वादळ उठले, आयोजक संस्थेने खेद व्यक्त केला, आणि १ जानेवारी २०१७ पासून हिरवळीवर अनवधानाने हललेल्या चेंडूला दंड न लावण्याची मुभा स्थानिक नियमाने मिळाली. २०१९ साली ती मूळ नियमावलीतच आली. चेंडू शोधताना चुकून पाय लागला, तरीही आता दंड नाही.

पालकहो, या दोन घटना एकत्र वाचावयाच्या आहेत. पहिली नियमाचे पालन शिकवते. दुसरी सांगते की नियम माणसांनी केलेला असतो आणि अन्याय दिसला तर तो बदलताही येतो. जॉन्सन यांना दंड अयोग्य वाटला, तरी त्यांनी आपला खेळ सोडला नाही. नियम बदलला तो नंतर, रीतसर.

गोट्यांच्या खेळात 'हलली, हलली!' अशी आरोळी ठोकणारा सवंगडी शेजारीच उभा असे. गोल्फमध्ये बहुधा तो नसतो. प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही; दाट गवतात तो आणि चेंडू एवढेच असतात. फेरी संपल्यावर गुणपत्रिकेवर खेळाडू स्वाक्षरी करतो आणि प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी त्याची राहते.

शाळेने साठ वर्षे मुलांच्या हाती गुणपत्रिका दिल्या. त्यांवर स्वाक्षरी शिक्षकांची आणि पालकांची असे. शाळा सुटल्यानंतरच्या गुणपत्रिकेवर मात्र ज्याची त्यानेच स्वाक्षरी करावयाची असते. कोणी पाहत नसताना चेंडू हलला, तर ते सांगण्याचे बळ ज्या विद्यार्थ्याच्या अंगी आले, त्याला या वास्तूने काय दिले, हे वेगळे सांगावे लागणार नाही.